ठोके सुधारले आणि माणूस गेला: हृदयाच्या लयीवर नवीन औषध काढणं इतकं अवघड का

प्रश्न सातपूरच्या एका भाऊंचा आहे, आधी तो थोडक्यात सांगते. वडील ६६ वर्षांचे, वर्षभरापूर्वी छातीत धडधड होते म्हणून नेलं तर ईसीजीत एएफ निघालं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पार विस्कटलेली. अमिओडॅरोन २०० ची गोळी सुरू झाली, धडधड थांबली, घरात सगळे खूश, आणि आता टीएसएच १८ आलाय, थायरॉईड मंदावलं. डॉक्टर म्हणतात थायरॉईडची गोळी जोडू, नाहीतर अ‍ॅब्लेशनचा विचार करा, म्हणजे शिरेतून तार हृदयात नेऊन लय बिघडवणारी जागा जाळून टाकायची. भाऊ जरा चिडलेत. त्यांचं म्हणणं, चंद्रावर यान उतरवलं पण ठोके सरळ ठेवायला एक सरळ गोळी नाही का, हे ६० वर्षं जुनं औषध अजून का गळ्यात मारताय, का कंपन्यांना मशिनी विकायच्यात म्हणून नवीन औषध येऊच देत नाहीत?

मी कार्डिओलॉजिस्ट नाही, हे आधीच सांगून टाकते. मी फार्मॅकॉलॉजीवाली. एमडी झाल्यावर चौदा वर्षं औषधांची सेफ्टी तपासणाऱ्या लॅबमध्ये काढली आणि त्यातली बरीचशी वर्षं नवीन औषधाने हृदयाची वीज बिघडते का एवढं एकच बघण्यात गेली. आता नाशिकला शिकवते, एका एथिक्स कमिटीवर बसते. तेव्हा वडिलांना काय द्यायचं ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील, पण नवीन औषध का येत नाही हे मात्र मला विचारा, कारण अशी औषधं जन्माआधीच मारून टाकायचा पगार मी घेतलाय.

आधी वीज म्हणजे काय ते पटकन. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात, त्यांना आम्ही चॅनल म्हणतो. सोडियमचं दार उघडलं की पेशी पेटते, कॅल्शियमचं उघडलं की आकुंचन होतं, पोटॅशियमचं उघडलं की पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. खालच्या मोठ्या कप्प्यात हा सगळा खेळ एका सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात संपतो आणि दिवसाला लाखभर वेळा होतो. लय बिघडवणारं असो की सुधारणारं, बहुतेक औषधं याच दारांवर जाऊन बसतात. खरी गोची इथूनच सुरू होते, कारण आजारी पेशीचं दार आणि निरोगी पेशीचं दार एकच, गोळीला कसं कळणार कुठलं बंद करायचं आणि कुठलं सोडायचं?

पहिलं औषध तर एका पेशंटनेच डॉक्टरला शिकवलं. १९१२ सालची गोष्ट, वेंकेबाख नावाच्या मोठ्या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला, त्याची नाडी वेडीवाकडी चालायची. डॉक्टर म्हणाले याला काही इलाज नाही. तो म्हणाला मी उद्या येतो सरळ नाडी घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आला. काय केलं होतं तर रात्री एक ग्रॅम क्विनाईन घेतलं होतं, आपल्या आज्या हिवतापावर कोयनेल द्यायच्या ना, तेच. १९१८ मध्ये बर्लिनच्या फ्रे यांनी सिंकोनाच्या सालीतले चारही क्षार तपासले आणि त्यातलं क्विनिडीन सगळ्यात भारी ठरलं. पुढची कित्येक वर्षं हेच चाललं, आणि ते घेणारे काही पेशंट अधूनमधून अचानक बेशुद्ध पडायचे. क्विनिडीन सिंकोप असं नाव देऊन लोक मोकळे झाले. औषधच ठोके बिघडवतंय हे समजायला फार उशीर लागला.

आता मुख्य गोष्ट. नाशिकच्या माणसाला ही समजायला सगळ्यात सोपी, कारण आपल्याकडे गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय विचारतो? मारुतीच्या कमरेला लागलं का? छातीला? गळ्याला? पूर किती हे आपण मारुतीवरून मोजतो आणि ते बरोबरही आहे. आता कुणी शहाण्याने ठरवलं की मारुतीभोवती चांगली उंच भिंत बांधू, पाणी लागलंच नाही पाहिजे. भिंत बांधली, मारुती कोरडा, फोटो काढला, पूर नियंत्रणात म्हणून जाहीर केलं. आणि पाणी गेलं कुठे तर भिंतीला धडकून सराफ बाजारात, नेहमीपेक्षा जास्त.

हृदयाच्या औषधांत हे खरोखर घडलं. हार्ट अ‍ॅटॅकनंतर काहींच्या ईसीजीत मधेमधे जास्तीचे ठोके दिसतात, आणि ज्यांना असे ठोके जास्त त्यांच्यात अचानक मृत्यूही जास्त. हे निरीक्षण खरं होतं. त्यावरून सगळ्यांनी गणित मांडलं की गोळी देऊन ते ठोके बंद केले तर मृत्यूही कमी होणार. इतकं स्वच्छ तर्कशास्त्र की याला ट्रायल कशाला हवी असंच पुष्कळ डॉक्टरांचं म्हणणं होतं. अमेरिकेत लाखो लोकांना या गोळ्या चालू होत्या. तरी १९८७ मध्ये कास्ट नावाची ट्रायल सुरू झाली, फ्लेकेनाईड आणि एन्केनाईड ही औषधं एकीकडे, रिकामी गोळी दुसरीकडे. आणि एक बारकावा बघा, आधी सगळ्यांना औषध देऊन पाहिलं आणि ज्यांचे जास्तीचे ठोके गोळीने खरंच दबले त्यांनाच पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं. म्हणजे औषध काम करतं हे सिद्ध झालेलेच पेशंट.

एप्रिल १९८९ मध्ये ट्रायल मधेच थांबवावी लागली. १९९१ मध्ये पूर्ण आकडे छापून आले, औषधाच्या गटात ७५५ पैकी ६३ मृत्यू, रिकाम्या गोळीच्या गटात ७४३ पैकी २६. सरासरी १० महिन्यांत. ईसीजी सुंदर झाले होते आणि माणसं दुपटीपेक्षा जास्त मेली. मारुती कोरडा.

का झालं असं? अ‍ॅटॅक आलेल्या हृदयात डाग असतो, मेलेला भाग, आणि विजेची लाट त्याला वळसा घालून जाते. मुंबई नाक्याच्या सर्कलसारखं समजा. साधारणपणे लाट वळसा घालून परत जिथून निघाली तिथे येते तेव्हा तिथली पेशी अजून थकलेली असते, पुढे जाऊ देत नाही, लाट तिथेच विझते. हे औषध सोडियमचं दार अडवून लाटेला हळू करतं. हळू झाली म्हणून ती उशिरा पोचते, तोवर पेशी ताजीतवानी झालेली, या म्हणते, आणि लाट सर्कलला गोल गोल फिरतच राहते. जे चक्र होऊच शकलं नसतं ते औषधाने करून दिलं. आता हे सांगायला सोपं आहे, मी वर्गात पाच मिनिटांत सांगते आणि पोरं माना डोलावतात, पण १९८६ मध्ये भलेभले हुशार लोक उलट बोलत होते आणि मी तेव्हा असते तर मीही तेच बोलले असते.

या एका ट्रायलने सगळ्या क्षेत्राची हवा काढली. मग सगळे वळले दुसऱ्या दाराकडे, म्हटलं लाट हळू करायला नको, पेशीची थकलेली वेळ लांबवू, पोटॅशियमचं दार अडवू. त्यातून डी-सोटॅलॉल आलं, सोर्ड नावाची ट्रायल झाली, ३१२१ पेशंट, तीही मधेच बंद, औषध घेणाऱ्यांत ५ टक्के मृत्यू आणि न घेणाऱ्यांत ३.१. परत तेच.

आणि इथे माझी लॅब येते. हे पोटॅशियमचं जे दार आहे त्याचं नाव हर्ग. नाव कुठून आलं तर ईथर-अ-गो-गो, १९६० च्या दशकात एका शास्त्रज्ञाने बघितलं की काही फळमाशा ईथरने गुंगवल्या की पाय झटकत नाचतात, त्या वेळच्या डान्स क्लबवरून गमतीत नाव ठेवलं, आणि त्याच घराण्यातला जीन माणसाच्या हृदयात निघाला. गमतीचं नाव आणि हजारो कोटी बुडवणारं दार. कारण या दाराची आतली पोकळी जरा ऐसपैस आहे, वाट्टेल ते रेणू त्यात जाऊन अडकतात. सर्दीची गोळी, पोटाची गोळी, अँटिबायोटिक, मानसिक आजाराची गोळी, कुणीही. अडकलं की ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं आणि कधीतरी एखाद्याला टॉर्साद नावाची भयंकर लय लागते, ईसीजीची रेघ पिळलेल्या रिबिनीसारखी दिसते आणि माणूस कोसळतो. टर्फेनाडीन नावाची ऍलर्जीची गोळी होती, जगभर खपायची, बरोबर बुरशीची केटोकोनॅझोल घेतली की लिव्हर तिला मोडू शकायचं नाही, रक्तात साठायची, हर्ग अडायचं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेली. तिची जागा घेतली फेक्सोफेनाडीनने, म्हणजे तीच गोळी लिव्हरने मोडल्यावर जे उरतं ते, आणि ते हर्गला त्रास देत नाही. शिंका आल्या की तुम्हीही मेडिकलमधून तीच आणत असाल. सिसाप्राईड पण याच कारणाने गेलं, आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली.

मग २००५ पासून जगभर नियमच झाला की औषध कुठल्याही आजाराचं असो, हर्ग आणि क्यूटी तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते तपासणाऱ्यांपैकी मी एक.

काम कसं असतं सांगते. टेबल हवेवर तरंगणारं, कारण बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलता कामा नये, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी, ज्यात माणसाचा हर्ग जीन घातलेला. हातात काचेची नळी, टोक मायक्रॉनभर रुंद. ती पेशीला अलगद टेकवायची आणि मग दुसऱ्या टोकाला लावलेल्या रबरी नळीने चक्क तोंडाने हवा ओढायची, हळूच, चहा गरम आहे का बघतो तेवढीच. पेशी नळीला चिकटली की स्क्रीनवरचा आवाज एकदम शांत होतो, गीगा सील लागलं म्हणतो आम्ही, आणि त्या क्षणी कुणी दार आपटलं तर त्याचा खून करावासा वाटतो. ज्यांनी ही पद्धत काढली त्या नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं आणि मला पाठदुखी.

एकदा असाच एक रेणू आला, गंमत म्हणजे एएफसाठीच बनवलेला. वरच्या कप्प्यात एक पोटॅशियमचं दार असं आहे जे खालच्या कप्प्यात जवळजवळ नसतंच, तेवढंच अडवायचं, म्हणजे खालचा कप्पा सुरक्षित, अशी कल्पना. कागदावर देखणी. केमिस्ट्रीवाल्यांनी चार वर्षं घातली होती त्यात. मी पहिली मात्रा सोडली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या मात्रेला हर्गचा करंट असा खाली बसला की मला वाटलं सील सुटलं. धुऊन परत केलं. दुसरी पेशी घेतली. तिसरी घेतली. संध्याकाळी सात वाजता केमिस्टला फोन लावला, त्याने फक्त किती पट एवढंच विचारलं. आम्ही बघतो की रक्तात जितकं मोकळं औषध राहणार त्याच्या निदान ३० पट मात्रेपर्यंत हर्ग शांत राहावं, याचं अंतर आलं होतं ४ पट. तो हं म्हणाला आणि फोन ठेवला. चार वर्षं गेली त्या एका हं मध्ये. आता तुम्ही सांगा, मी ते पुढे जाऊ द्यायला हवं होतं का, तुमच्या वडिलांच्या वयाच्या लोकांवर?

आता यातली विचित्र गोष्ट अशी की अमिओडॅरोनही हर्ग अडवतं. सोडियम अडवतं, कॅल्शियम अडवतं, हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांसारखंही वागतं, सगळ्या दारांवर थोडंथोडं बसतं, क्यूटी चांगलं लांबवतं, आणि तरी टॉर्साद क्वचितच करतं. बहुतेक सगळ्या बाजूंनी एकदम अडवल्यामुळे तोल राहतो. असं औषध आज कुणी नव्याने आणलं तर आमच्या पहिल्याच चाचणीत नापास होईल, आणि ही गोष्ट माझ्या धंद्याला लाजिरवाणी आहे हे मी मान्य करते.

आणि ते काही लयीसाठी बनवलेलंच नव्हतं. ओवा बडीशेपेच्या कुळातली एक वनस्पती आहे, अम्मी विस्नागा, इजिप्तमध्ये मूतखड्याच्या कळांना देत. कैरोच्या लॅबमधल्या एका टेक्निशियनने ती कळांसाठी घेतली आणि त्याचं छातीचं दुखणंही थांबलं. त्यातल्या खेलिन नावाच्या घटकावरून बेल्जियममध्ये १९६१ मध्ये अमिओडॅरोन बनवलं, अँजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीच्या दुखण्यासाठी. लयीवर चालतं हे नंतर कळलं. अमेरिकेत तर १९८५ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली, कारण तोवर डॉक्टर बाहेरून मागवून वापरतच होते.

पण त्यात वजनाच्या ३७ टक्के आयोडीन आहे भाऊ. २०० च्या गोळीत ७५ मिलिग्रॅम. सगळं सुटत नाही, पण रोज ६ मिलिग्रॅमच्या आसपास मोकळं होतं आणि शरीराची गरज आहे ०.१५. थायरॉईड बिचारं काय करणार, काहींचं मंदावतं, काहींचं उलट भडकतं. शिवाय हे चरबीत मुरतं, अर्धं शरीराबाहेर पडायलाच सरासरी दोन महिने लागतात, म्हणजे आज बंद केलं तरी पुढचे काही महिने अंगात आहे. माझे मामा निफाडकडे, द्राक्षबाग आहे, त्यांना दोन वर्षं ही गोळी होती. छाटणीला उन्हात उभे राहायचे, तोंड आणि कानाच्या पाळ्या अशा भाजायच्या की मामी म्हणायची औषधफवारणी उडाली असेल, तुम्ही टॉवेल गुंडाळत नाही. कुणाला सुचेना की हे गोळीमुळे. एकदा लग्नात मी त्यांना उजेडात बघितलं तर नाकावर निळसर करडी झाक. मग विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, तर खिशातून पाकीट काढून दाखवलं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सनस्क्रीन सांगितलं, सनस्क्रीनवर मामा हसले, म्हणाले आता मी लाली पावडर करू का.

मग कुणी आयोडीन काढून का टाकत नाही? काढलं की. ड्रोनेडॅरोन. जवळजवळ तोच सांगाडा, आयोडीन नाही, चरबीत मुरणं कमी. यावर सगळ्यांच्या आशा होत्या. हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर ट्रायल केली, ६२७ जण, औषध घेणाऱ्यांत २५ मृत्यू, रिकाम्या गोळीवर १२, बंद. मग जरा बऱ्या पेशंटवर अथीना ट्रायल, ४६२८ जण, तिथे मात्र हॉस्पिटलात भरती होणं आणि मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले, २००९ मध्ये मान्यता मिळाली, पार्टी झाली असणार. दोन वर्षांत कायमच्या एएफवाल्यांवर पालास ट्रायल केली, परत मृत्यू वाढले, परत बंद. म्हणजे एकच गोळी, एका प्रकारच्या पेशंटला फायद्याची, दुसऱ्याला घातक, आणि लय आटोक्यात ठेवायला अमिओडॅरोनपेक्षा कमजोरच. थायरॉईड वाचवायला गेलो आणि ताकद गेली.

आता तुमचा कटाचा आरोप. कंपन्या संत नाहीत, त्यांच्यात राहून आलेय मी. पण मशिनी विकायच्या म्हणून औषध दाबतात हे खरं नाही, मशिनी बनवणाऱ्या आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक वेगळ्याच असतात आणि एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायला टपलेल्या असतात. खरं कारण जास्त रुक्ष आहे. रेणू सापडण्यापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत १० ते १५ वर्षं लागतात. कॅन्सरचं औषध असेल तर गाठ लहान झाली दाखवलं तरी पुष्कळदा दार उघडतं. लयीच्या औषधाला कास्टनंतर कुणी ठोके दाखवून सोडत नाही, हजारो पेशंट वर्षानुवर्षं सांभाळून दाखवा की मृत्यू वाढले नाहीत. एवढा खर्च करून स्पर्धा कुणाशी, तर काही रुपयांत मिळणाऱ्या जुन्या गोळ्यांशी, आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅब्लेशनशी, जे १९९८ मध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते हे दाखवल्यापासून सुधारतच चाललंय. आणि खालच्या कप्प्याच्या जीवघेण्या लयीसाठी आयसीडी आहे, छातीत बसवलेलं झटका देणारं यंत्र. २००५ च्या एका ट्रायलमध्ये २५२१ हार्ट फेल्युअर पेशंटमध्ये आयसीडीने मृत्यू २३ टक्के कमी केले आणि अमिओडॅरोनने रिकाम्या गोळीएवढंच काम केलं. असे निकाल बघून कंपनीचा हिशोब बघणारा माणूस फाईल बाजूला ठेवतो. मला राग येतो, पण त्याचंही चुकतं म्हणता येत नाही.

अजून एक भानगड, प्राणी. नेहमीचे लॅबचे उंदीर यात फारसे कामाचे नाहीत, उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ६०० ठोके देतं आणि त्याच्यात हर्गला फारसं कामच नसतं, म्हणजे ज्या दारामुळे माणूस मरतो ते दार उंदराला नसल्यातच जमा. म्हणून ससे, गिनीपिग, कुत्री. आणि बकऱ्या. १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्तला बकऱ्यांना यंत्राने परत परत एएफमध्ये घातलं, सुरुवातीला काही सेकंदांत आपोआप सुटायचं, एक ते तीन आठवड्यांत २४ तास झाले तरी सुटेना. एएफच एएफला जन्म देतं. म्हणजे उशिरा आलेल्या पेशंटमध्ये वीज आणि मांस दोन्ही बदललेलं असतं, तिथे नुसतं दार अडवून काय होणार.

आणि आपल्याकडे एएफ म्हणजे एक आजार नाहीच. गोऱ्या देशांत ७५ वर्षांचा बीपीवाला पेशंट, आपल्याकडे सुरगाणा पेठहून येणारी ३५ वर्षांची बाई, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह आवळलेला. दोघांनाही एएफच लिहायचं. रक्त पातळ करायच्या औषधात हे ढळढळीत दिसलं, २०२२ मध्ये इन्व्हिक्टस ट्रायलमध्ये संधिवाताच्या एएफवाल्या साडेचार हजार लोकांत, त्यात भारतातलेही होते, नवीन रिव्हरोक्साबॅनपेक्षा जुन्या वॉरफारिनच्या घराण्यातली औषधं सरस ठरली. म्हणून आमच्या एथिक्स कमिटीत कुठल्याही एएफ ट्रायलची फाईल आली की मी पहिलं पान उलटून आधी बघते व्हॉल्व्हवाल्यांना वगळलंय का, आणि बहुतेक वेळा वगळलेलंच असतं.

नवीन काहीच नाही असंही नाही. अचानक दीडशे दोनशेने धावणारी एसव्हीटी नावाची लय असते ना, तिच्यासाठी एट्रिपॅमिल नावाचा नाकात मारायचा स्प्रे आलाय, कॅल्शियमचं दार थोडा वेळ अडवतो आणि रक्तात पटकन मोडून जातो. २०२३ च्या ट्रायलमध्ये अर्ध्या तासात ६४ टक्के लोकांची लय सुटली, रिकाम्या स्प्रेवर ३१. बघा यात युक्ती काय आहे, औषध जितका वेळ हवं तितकाच वेळ अंगात, रोज नाही, दोन महिने नाही. मला ही दिशा सगळ्यात आवडते. दुसरं, वरच्या कप्प्यातलं एसके नावाचं दार, त्यावरचं एक औषध शिरेतून देऊन एएफ मोडतं असं २०२४ मध्ये छापून आलं, पण क्यूटी थोडा वेळ वाढतंच, म्हणजे माझ्यासारखी कुणीतरी तिकडे कपाळाला आठ्या घालून बसलीच असेल. आणि आता पेशंटच्याच रक्तातून किंवा त्वचेतून पेशी घेऊन ताटलीत त्याच्याच जीनच्या हृदयपेशी वाढवता येतात, त्या ताटलीत ठोके देतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास नुसती बघत बसले होते.

पण सगळ्यात मजेशीर फ्लेकेनाईडचं. तेच, कास्टवालं. सीपीव्हीटी नावाचा आनुवंशिक आजार आहे, धडधाकट पोरं पळताना किंवा घाबरल्यावर कोसळतात, ईसीजी आणि इको नॉर्मल. २००९ मध्ये दाखवलं गेलं की फ्लेकेनाईड त्यांच्यात उपयोगी पडतं, आणि आज ते त्या पोरांच्या इलाजात आहे. ज्यांच्या हृदयावर डाग नाही अशा एएफवाल्यांना पण ते देतात, काहींना तर खिशात ठेवून लागेल तेव्हाच घ्यायला. औषध तेच, माणूस बरोबर निवडला. म्हणून मला वाटतं पुढची वीस वर्षं नवीन गोळीपेक्षा कुणाला कुठली जुनी गोळी हेच जास्त जीव वाचवणार, फक्त त्याची बातमी होत नाही.

आता तुमचे वडील. गोळी मनाने बंद करू नका, एक तर दोन महिने ती अंगात राहणारच आणि दुसरं लय परत बिघडली तर दोष कुणाला द्यायचा तेही कळणार नाही. टीएसएच वाढला म्हणून अमिओडॅरोन बंदच करावी लागते असं नाही, थायरॉक्सिन जोडून पुष्कळांना चालू ठेवतात, डॉक्टर तेच म्हणतायत. लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी, आणि कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला तर वाट न बघता छातीचा एक्सरे, कारण फुप्फुसावरचा परिणाम थायरॉईडपेक्षा वाईट असतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे तुम्ही लिहिलंच नाहीये. धडधड त्रास देते पण एएफमध्ये लकवा गुठळीने होतो, आणि लय सुधारलेली दिसली म्हणून ती गोळी आपोआप थांबत नाही, मारुतीची गोष्ट इथेही लागू. ती अ‍ॅसिट्रोम असेल तर अमिओडॅरोन तिचा जोर वाढवतं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, जास्त वेळा तपासावा लागतो.

अ‍ॅब्लेशनला घाबरू नका, पण घाईही करू नका. २००२ च्या ४०६० पेशंटच्या एका ट्रायलमध्ये गोळ्यांनी लय सरळ करत बसणं आणि नुसता वेग आटोक्यात ठेवणं यात आयुष्य सारखंच निघालं होतं. २०२० मध्ये दुसऱ्या ट्रायलने दाखवलं की निदान झाल्यापासून वर्षाच्या आत लय सरळ करायला घेतली तर पुढचा त्रास कमी होतो. वडिलांचं वर्ष नुकतंच होतंय, तेव्हा हा प्रश्न आत्ताच विचारायचा आहे, दोन वर्षांनी नाही. वजन जास्त असेल तर १० टक्के उतरवून टिकवणाऱ्यांची लय सरळ राहण्याची शक्यता एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सहापट दिसलीय, इतका फरक करणारी गोळी मी चौदा वर्षांत बघितली नाही. रात्री मोठ्याने घोरत असतील तर तेही सांगा. आणि नाशिकचे आहात म्हणून विचारते, वाईन फळांची असते म्हणून चालते असं घरात कुणी म्हणत असेल तर चालत नाही, नियमित पिणाऱ्या एएफवाल्यांनी सोडली तर एएफ परत येणं कमी झालं, हे २०२० मध्ये ट्रायल करून दाखवलंय.

डॉक्टरांकडे जाताना जुना एएफवाला ईसीजी, आत्ताचा ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि गोळ्यांची सगळी पाकिटं, सर्दीची आणि गॅसची धरून, एका पिशवीत घालून न्या. माझ्या मामांनी पाकीट खिशातून काढलं नसतं तर मला काही कळलं नसतं.